साहेबांच्या फ्लेक्सला भोक पाडणारी गयामावशी

घाण वास आला की बाई नाकाला पदर लावते. गयामावशी उलटं करायची. नाकावर आलेला पदर खाली ओढायची, मान पुढं काढायची आणि जिकडून वास येतो तिकडंच चालायला लागायची. वर आम्हालाच सुनवायची, "वासाला त्वांड दाखवल्याबिगर त्यो आपलं घर सांगत न्हाई."

ती कडा गावाकडची. उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली आणि तिशीच्या आत तिची पिशवी काढली. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडं बायका हा शब्द बाजारच्या पिशवीइतक्या सहज बोलतात, आणि ज्यांनी तो ऐकून मान खाली घालावी ते तो ऐकतच नाहीत. फडात आडोसा नसतो. म्हणून बाई दिवसभर लघवी दाबते, पाणी पीत नाही. मग जळजळ, मग ओटीपोटात कळा. मुकादमाला खाडे नको असतात, तो तिला खाजगी दवाखान्यात नेतो. "मला म्हनले, क्यान्सर व्हईल. मी म्हनलं, काढा मंग," मावशी सांगायची. "गळकं मडकं फेकावं तशी फेकली. मडकं गळत होतं का, ते कुनीच बघितलं न्हाई."

एका हंगामात साहेबांच्या, म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्यांच्या, प्रतिष्ठाननं तेलगावच्या पुढच्या उसाच्या पट्ट्यात फिरता दवाखाना आणला. मोठी गाडी, आत तपासणीचं टेबल, पडदा आणि मागं इवलासा संडास. मावशी तिथं मदतनीस म्हणून लागली. मी तोडकऱ्यांच्या कोप्याकोप्यांतून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतून, पत्रकं वाटून बायका गोळा करायचे. मावशी मला 'पत्रकवाली' म्हणायची, फारसा आदर नसलेल्या सुरात.

महिनाभरात गाडीला असा वास सुटला की बायका पायरीवरूनच माघारी फिरायच्या. त्यातली एक सविता, दोन लेकरांची आई. तिला जळजळ होती, ताप होता, आणि मुकादमानं खाजगी दवाखान्याचं बोलून ठेवलं होतं. ती दोनदा आली, दोन्हीदा आत पाय ठेवताच ओकली. मी प्रतिष्ठानला निवेदन दिलं. त्यांनी अत्तराच्या बाटल्या पाठवल्या. आता गाडीला गुलाब टाकलेल्या गटाराचा वास यायला लागला.

"निवेदन वाचून वास जातोय व्हय गं?" मावशी म्हणाली आणि स्वतः मागं लागली. आधी तिनं ड्रायव्हर बालाजीला धरलं.

"बाला, तू सीटखाली मटन ठिवतूस का रं?"

"माळकरी हाय मी, मावशे!"

"मंग उंदीर मेलाय." तिनं सीटा उचकटल्या. उंदीर निघाला नाही. बालाजी दोन दिवस फुगून बसला. मग ती हातपाय टेकून फरशी हुंगायला लागली आणि संडासाशेजारच्या छोट्या मोरीच्या जाळीशी थांबली. जाळीखालच्या वाकड्या नळीत पाणी साचून राहिलं की ते खालचा वास अडवतं. गाडी दिवसभर उन्हात उभी, मोरी कुणी वापरेना, पाणी आटून गेलेलं. मावशीनं तांब्याभर पाणी ओतलं. वास निम्मा झाला. ती साऱ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्यानं हसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्याइतकाच वास. संडासात पाणी सोडलं की भांड्यातून गुडगुड व्हायची आणि भपकारा वर यायचा. मावशी ती गुडगुड ऐकत उकिडवी बसून राहिली. "हिचं प्वाट फुगलंय," ती म्हणाली. "ढेकर द्यायला वाट न्हाई हिला."

ती वाट होती. टाकीतली हवा बाहेर जावी म्हणून एक पाइप छतावर काढलेला असतो. पण छतावर साहेब होते. लोखंडी चौकटीवर उतरता ताणलेला फ्लेक्स, त्यावर हात जोडून हसणारे साहेब. पाइप आडवा येतो म्हणून फ्लेक्स बसवणाऱ्यानं तो फ्लेक्सखाली दाबून तारेनं आवळून टाकला होता. बायकांच्या आरोग्यासाठी आणलेली गाडी साहेबांच्या चेहऱ्यानं गुदमरत होती. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरगी अतिशयोक्ती करते.

मी प्रतिष्ठानला फोन लावला. तिकडून एक कार्यकर्ता म्हणाला, "साहेबांच्या फ्लेक्सला कुणी हात लावायचा नाही."

"हात कशाला लावू?" मावशी म्हणाली. तिनं कोयता मागवला, शिडीनं वर चढली आणि कोयत्याच्या टोकानं फ्लेक्स कापून, तार सोडवून पाइप वर काढला. भोक पडलं ते नेमकं साहेबांच्या मिशीखाली.

संध्याकाळपर्यंत गाडी स्वच्छ झाली. सविता आत गेली, लघवी तपासली गेली. गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "साधा संसर्ग आहे. पिशवी काढायची काही गरज नाही. औषध घे आणि पंधरा दिवसांनी परत दाखव." बाहेर बायका वर बघून पदरात हसत होत्या. एक म्हणाली, "आता कळलं गं, वास कुटून येतोय ते!" हशा पिकला. कुणीतरी मोबाईलवर तो टिपला. चूक झाली असेल तर ती एवढीच.

तिसऱ्या दिवशी कार्यकर्ते आले. साहेबांचा अपमान झाला होता. बायका चार-चार महिने फडात लघवी दाबतात त्यानं कुणाचा अपमान होत नाही, पण एका फ्लेक्सला भोक पडलं की होतो. "हात जोडून माफी माग," ते म्हणाले. मावशीनं फ्लेक्सकडं बोट केलं. "त्यांनी जोडलेत की हात. आनिक मी कशापायी जोडू?" तिला तिथंच कामावरून काढलं.

नवा फ्लेक्स आला, आधीपेक्षा मोठा आणि जाड. पाइप पुन्हा खाली गेला. वास परत आला, बायका येईनात, आणि आठवड्यात गाडीला कुलूप लागलं. सविता पंधरा दिवसांनी औषध संपल्यावर आली तेव्हा तिला कुलूप आणि साहेब दिसले. जळजळ पुरती गेली नव्हती. मुकादम तयारच होता.

मला कळलं तेव्हा मी खाजगी दवाखान्यात धावले. मावशी आधीच पोचली होती, जिन्याखालच्या बाकावर सविताच्या धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली. फरशी आरशासारखी. फिनेलचा वास, देवाच्या फोटोपुढं उदबत्ती. सविताला आत नेऊन तास झाला होता.

"मावशी, थांबवायचं ना!"

"गेलते की आडवी. सही आदीच झालती." ती लेकराला थोपटत राहिली. "बघ, हितं कसं समदं साफ हाय."

आणि तिनं पदर वर घेतला, नाकावर घट्ट दाबून धरला. गयामावशीनं नाकाला पदर लावलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.