दाराचा रकाना

पुण्याहून फोन आला तेव्हा मी शिडीवर उभी राहून भिंतीची उंची मोजत होते. खाली टेम्पो उभा होता. त्यात पत्रे, लोखंडी पाइप आणि एक लोखंडी दार. गयाबाईच्या घराच्या चार भिंती शाबूत होत्या, वर छप्पर नव्हतं.

"साळवेमॅडम, सकाळच्या फोटोत नुसती चौकट दिसतेय. दार कधी बसवणार?" आमचे डायरेक्टर विचारत होते.

"बसवायचं नाही सर. या गावात घराला दार लावत नाहीत."

"मग पत्रेही बसवू नका. टेम्पो परत पाठवा."

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. मिशनच्या मदतकार्य विभागात साइट इंजिनिअर म्हणून आयुष्य गेलं. दुष्काळ, पूर, वादळ, काहीही झालं की आमची गाडी निघायची. त्या वर्षी ऐन मे महिन्यात नेवासा तालुक्यात वादळ झालं आणि वस्त्याच्या वस्त्या उघड्या पडल्या. आपल्याकडे पत्रे नुसते टाकतात आणि उडू नयेत म्हणून वर दगड ठेवतात. वारं खालून शिरलं की पत्रा जातो आणि दगड घरात पडतो. गयाबाईच्या घरातला दगड तिच्या बारा दिवसांच्या नातीच्या झोळीपासून हातभर अंतरावर पडला होता.

तेव्हापासून गयाबाई, मुलगा दत्तू, बाळंतीण सून मनीषा आणि ते तान्हं पोर आमच्याच निळ्या ताडपत्रीखाली राहत होते. नेवाशाच्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका रोज भाकरी करून पाठवायच्या, पण भाकरीने ऊन अडत नाही. दुपारी ताडपत्रीखाली हात घातला तर भाजायचा. पोरीच्या अंगावर लाल पुरळ आलं होतं, अंग सारखं तापत होतं. पोरीला इथे ठेवू नका, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. न्यायचं कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ही वस्ती शनिशिंगणापूरच्या शिवारातली. तिथे घराला चौकट असते, कवाड नसतं. पडदा लावतात, कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी टेकवतात. राखण देव करतो, अशी त्यांची श्रद्धा. मी ख्रिस्ती. रविवारची उपासना आमच्या घरात आजीपासून कधी चुकली नाही. त्यांची श्रद्धा माझी नाही. पण माझं ड्रिल मशीन आणि खिळ्यांच्या पिशव्या त्या उघड्या घरात चार दिवस पडून होत्या आणि एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. आमच्या नगरच्या गोडाऊनला मात्र दोन कुलपं होती, आणि तिथून आदल्याच वर्षी ताडपत्र्यांचा गठ्ठा गेला होता.

देणगीदारांचा नियम असा की प्रत्येक घराला कुलूप लागणारं दार हवंच. नियम मुळात वाईट नव्हता. एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी तो केलेला होता. पण मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये दाराच्या रकान्यात 'नाही' दाबलं की पुढचं पान उघडायचंच नाही. बनवणाऱ्याच्या डोक्यात असं घर आलंच नव्हतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी फॉर्मला शिव्या देऊन गप्प बसले असते. पण डायरेक्टरसाहेब पुढे म्हणाले की, अंधश्रद्धेवर आपली संस्था घर बांधणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच तालुक्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या आमच्या मिशनच्या दवाखान्यात बाळंत होत आल्या. त्यांच्या गळ्यातला ताईत कुणी काढायला लावला नाही.

"सर, आपण छप्पर घालायला आलोय की त्यांचा देव बदलायला?"

"तुम्ही इंजिनिअर आहात. तेवढंच बघा."

बघितलं. उघड्या चौकटीचा एक खरा तोटा असतो, आणि तो ना साहेबांना ठाऊक होता ना फॉर्मला. तिथून वारं आत शिरतं आणि छप्पर आतून वर ढकलतं. त्यावर उपाय सोपा आहे. समोरच्या भिंतीत वर झरोके ठेवायचे, म्हणजे वाऱ्याला वाट मिळते. आणि पत्रा पाइपला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, ज्यांना आम्ही जे-हुक म्हणतो, ते दुप्पट लावायचे. हे मी फोनवर सांगितलं. साहेबांनी पुन्हा दाराचंच विचारलं.

त्या दिवशी टेम्पो पत्र्यांसकट परत गेला. परतीच्या कागदावर सही माझी होती, याची मला आजही लाज वाटते. वस्तीत कुजबुज सुरू झाली की मिशनवाले पत्र्याबरोबर दार देतायत, आज दार, उद्या आणखी काही. इतक्या वर्षांत ज्यांनी आमच्यावर संशय घेतला नव्हता, त्यांच्या हातात आम्ही एका दुपारी कारण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका सहकाऱ्याने युक्ती काढली. दार चौकटीत नुसतं उभं करायचं, कुलूप लटकवायचं, फोटो काढायचा आणि दार उचलून आणायचं. पाच मिनिटांचं काम. मी लगेच हो म्हणाले. टेम्पो घेऊन पुन्हा वस्तीवर गेले आणि गयाबाईला सगळं नीट समजावलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "न्हाई बाई. घटकाभर बी न्हाई."

"अहो, नुसता फोटो. कोण बघायला येतंय?"

"आमचा बघतो की. आन् तुमचा देव काय डोळं मिटून बसलाय व्हय?"

मनीषा पोरीला पदराने वारा घालत होती. "आत्याबाई, पोरीकडं बगा की," एवढंच ती म्हणाली. गयाबाईने नातीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण तिने मान नकारार्थीच हलवली.

खोटं बोलायला मी निघाले होते आणि मला अडवत होती ती, जिचं नातवंड तापाने फणफणलं होतं. मी मिस्त्रीला पत्रे उतरवायला सांगितले. दत्तू आणि शेजारची माणसं धावून आली. दिवस मावळायच्या आत छप्पर उभं राहिलं, झरोक्यांसकट. दार टेम्पोतच ठेवलं. मोबाईल पिशवीत टाकला आणि साध्या कागदावर लिहिलं: 'दार नाही. घरमालकिणीला नको आहे. जबाबदारी माझी.' खाली सही केली.

आठवड्याने मेमो आला. साहेबांनी मला घरांच्या कामावरून काढलं आणि गोडाऊनवर बसवलं. दार न लावणाऱ्या बाईच्या हातात कुलपांच्या किल्ल्या दिल्या. त्यांना यात काही गंमत वाटली नसावी.

त्यानंतर दोनदा मोठं वारं झालं. गयाबाईचा एक पत्रा हलला नाही. पोरगी सावलीत आल्यावर चार दिवसांत बरी झाली. आता ती त्या चौकटीतून दिवसभर आतबाहेर पळते.

निवृत्तीआधी मी घरांची शेवटची यादी पाहिली. गयाबाईच्या नावापुढे 'अपूर्ण' असं आहे. त्याच पानावर दुसऱ्या गावातलं एक घर आहे. मालक नगरला स्वतःच्या बंगल्यात राहतो. मी ते घर बघून आले. आत कडबा भरलाय आणि दाराला आमचंच कुलूप आहे. त्याच्यापुढे 'पूर्ण' लिहिलंय.

नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगते की फोटो बाहेरून काढा, पण घर मोजायचं तर आत जा.