स्वतःच्या नावावर

"लाव रं दार," असं म्हणून दादूस रिकाम्या कंटेनरमध्ये एकटाच शिरायचा.

आम्ही बाहेरून दार लोटायचो. आत मिट्ट काळोख, आणि मे महिना असला तर भट्टीच. त्या काळोखात तो मान वर करून सावकाश फिरायचा. पत्र्याला टाचणीएवढं भोक असलं तरी तिथून उजेड आत येतो. तिथे तो खडूने गोल काढायचा. भोक नसलं की बाहेर येऊन दारावर आपली खूण करायचा, आणि कंटेनर माल भरायला पास. न्हावा शेव्याच्या आजूबाजूला रिकाम्या कंटेनरची जी यार्डं आहेत, तिथे आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचं हेच काम होतं. कोणी तपासायचं, कोणी ठिगळ मारायचं, कोणी धुवायचं. नोकर कोणाचेच नाही. ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या नावावर.

दादूसची सवय मात्र यार्डात थांबत नसे. माझ्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला पंगत बसलेली असताना हा वरच्या पत्र्याच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "लाव रं दार." आत भटजी धोतर बदलत होते.

दुसरं पालुपद म्हणजे, "मी कोनाचा चाकर नाय." हे तो कुठेही म्हणायचा. पाण्याचा तांब्या इकडे दे म्हटलं तरी आधी हे ऐकवायचा आणि मग तांब्या भरून आणून द्यायचा. आम्ही हसायचो. पण त्याचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या मिठागरात राबला होता. शेठ बांधावर आला की हातातलं काम टाकून उभं राहायचं, असा तिथला रिवाज. ते उभं राहणं दादूसने लहानपणी पाहिलं होतं. म्हणून यार्डात काम सुरू केलं ते पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर, आणि त्याचा त्याला कोण अभिमान.

मग तो नियम आला. आमच्यासारख्या सुट्ट्या माणसांच्या बिलातून यार्डाने कराचा भला मोठा तुकडा आधीच कापून ठेवायचा. जास्त कापला गेला असेल तर पुढच्या वर्षी कधीतरी परत. शिवाय अशा प्रत्येक माणसामागे यार्डाला कागदपत्रांचा ताप. यार्डवाल्यांनी सोपा मार्ग काढला. आम्हाला म्हणाले, एका एजन्सीच्या पगारावर जा, नाहीतर येऊ नका.

कर भरायला आमची ना नव्हती, हे मी आजही कोणालाही सांगेन. पण आमचं नावच पुसलं जाणार होतं, आणि नियम करणाऱ्याच्या ते गावीही नव्हतं. दादूस म्हणाला, "कर कापाच्या येलेला मी शेठ. नि सुट्टी मागतली का मी कोन?" 

पहिली सभा देवळाच्या सभागृहात झाली. दादूसने आल्या आल्या दारं-खिडक्या लावायला लावल्या. "आदी भोका बघू, मंग बोलू." म्हणजे नियमात कुठे फट आहे ते शोधू. तेवढ्यात वीज गेली. घामाने निथळत आम्ही तासभर बोललो आणि फट काही सापडली नाही. पण अर्ज द्यायचं ठरलं आणि तो घेऊन आम्ही खाडीपलीकडच्या कर कचेरीत गेलो.

साहेब गोड बोलणारे होते. म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. वर कळवतो."

"वर म्हंजे कवरा वर?" दादूसने विचारलं.

साहेब हसले. पुढच्या खेपेला त्यांनी वर कळवलेलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला वरून काही आलेलं नव्हतं. मग साहेबच बदलले, आणि नव्या साहेबांना आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेही म्हणाले, बरोबर आहे. आपलं म्हणणं बरोबर आहे हे इतक्या वेळा ऐकलं, की पुढे पुढे ते शब्द कानावर आले तरी डोकं फिरायचं.

शेवटी ठरलं, खडू खाली ठेवायचे. एकही रिकामा कंटेनर पास करायचा नाही. यार्ड तुंबेल, मालक फोन करतील, फोन वरपर्यंत जातील.

यार्ड तुंबलं खरं. सकाळपासून पास झालेले कंटेनर न्यायला आलेल्या ट्रेलरची रांग गावाच्या नाक्यापर्यंत गेली, आणि मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या रांगेत होते कोण? आमचेच भाऊ, मेहुणे, साडू. आमच्याकडे घरटी एक माणूस यार्डात आणि एक ट्रेलरवर. रिकामा कंटेनर अडवला म्हणजे आपल्याच घरची गाडी अडली, हे ठरवताना एकाच्याही लक्षात येऊ नये? मालक तिकडे गारव्यात बसले होते. उन्हात आमचेच आमच्यासमोर उभे होते.

रांगेत सर्वांत पुढे होता दादूसचा सख्खा मेहुणा. दुपारी दादूसची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दोन डबे घेऊन आल्या. एक नवऱ्याचा, एक भावाचा. सगळ्यांच्या देखत त्या आधी भावाकडे गेल्या.

दादूस उठला. आता जुंपणार असं आम्हाला वाटलं. तो आपला डबा घेऊन मेहुण्याच्या ट्रेलरच्या सावलीत जाऊन बसला. दोघांनी एकमेकांच्या डब्यातली सुकट वाढून घेतली आणि जेवले. जेवून झाल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, फेरी बुडली माजी."

"बुडली," दादूस म्हणाला. "माजीपन बुडतंय काय तरी."

संध्याकाळच्या आत आमच्यातल्या एकेकाने खडू उचलला. मेहुण्याचा कंटेनर मीच पास केला. दादूसने उचलला नाही, आणि आम्हाला अडवलंही नाही.

त्यानंतर एजन्सीवर सह्या व्हायला लागल्या. आम्हाला केशरी टी-शर्ट मिळाले, पाठीवर एजन्सीचं नाव. दादूस नाक्यावर भेटला की म्हणायचा, "काय रं, कंची टीम तुमची? कॅप्टन कोन?" आम्ही हसायचो, तोही हसायचा. टोमणा असा त्याने कधी मारला नाही. उलट म्हणायचा, "पोराबालांचा बगा तुमी. मी हाय ना भायेर." जणू तो आमची जागा धरून बसला होता.

बाहेर राहणं सोपं नव्हतं. मोठ्या यार्डांनी त्याला बोलावणं बंद केलं. खाडीकाठच्या एका जुन्या यार्डात तेवढं काम मिळे, तेही आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस. त्यातूनही कर कापला जाई. कचेरीच्या फेऱ्या मात्र त्याने सोडल्या नाहीत. एकटा एसटीने जायचा, साहेबांसमोर बसायचा, वर कळवलं का विचारून परत यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "दादूस, कशाला जातोस? काय होणार आहे?"

"होवाचा ता होईल," तो म्हणाला. "मी नाय गेलो तं त्यांना वाटंल, पटला आमाला."

गौरी-गणपती झाले आणि त्याचा खोकला वाढला. इस्पितळात नेलं. मग त्याला घरी आणावं लागलं ते रुग्णवाहिकेतून, आणि बोलायला तो जिवंत उरलेला नव्हता. मला रडू आलं नाही, राग आला. अजूनही येतो. कोणाचा ते नेमकं सांगता येत नाही. नियम करणाऱ्यांचा, आमचा स्वतःचा, आणि खोटं कशाला बोलू, इतकं ताणून धरणाऱ्या त्याचाही. अशा माणसाबरोबर तुम्ही काम केलं असेल तर हा राग तुम्हाला ओळखीचा असेल.

या उन्हाळ्यात बातमी आली, नियम सैल झाला. कचेरीतले साहेब समजावून सांगायला आमच्या गावात आले, त्याच सभागृहात. कामावरून सुटून आम्ही तसेच गेलो, केशरी टी-शर्टात. वहिनीही येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या.

साहेबांनी छान समजावलं. आता सुट्ट्या माणसांच्या बिलातून नाममात्र कर कापला जाईल, यार्डांचा तापही जाईल. मात्र ही सवलत ज्यांनी मधल्या काळात खंड न पाडता स्वतःच्या नावावर काम केलं, त्यांनाच. पगारावर गेलेल्यांना परत येता येणार नाही.

"तर असं स्वतःच्या नावावर काम करणारे इथे किती आहेत? हात वर करा."

कोणी हात वर केला नाही. साहेबांनी इकडून तिकडे नजर फिरवली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. 

"कोणीच नाही? छान," साहेब म्हणाले. "म्हणजे तुमच्या गावात हा प्रश्नच नव्हता."

मग चहा आला आणि आम्ही तो घेतला.