माझ्या हातची मिश्री

मी एकोणतीस वर्षं मिश्री लावली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'शिक्षिका असून?' असं विचारायला नको. हो, शिक्षिका असून. जिल्हा परिषदेच्या शाळेत दरवर्षी मुलांना रांगेत उभं करून, हात पुढे करायला लावून तंबाखूपासून दूर राहण्याची शपथ मी दिली आहे. त्या वेळी माझ्या हिरड्यांना सकाळची मिश्री चोळलेली असायची. मुलं मोठ्या आवाजात शपथ म्हणायची आणि त्यांच्याबरोबर मीही म्हणायचे.

माझं माहेर औंधाकडचं. वडील सुपारीलाही शिवत नव्हते. लग्न होऊन मी सांगलीकडच्या ह्या उसाच्या गावात आले, आणि पहिल्या बाळंतपणानंतर दाढ ठणकायला लागली. सासूबाईंनी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली, खलबत्त्यात कुटली, फडक्यातून गाळली आणि चिमूटभर माझ्या बोटावर ठेवली. म्हणाल्या, "लाव गं, ठणका ऱ्हाईल." ठणका खरंच थांबला. दोन वर्षांनी ती दाढ काढली, मिश्री मात्र चालूच राहिली. सकाळी बोट फिरल्याशिवाय पोट साफ होईना, आणि दुपारी मधल्या सुट्टीत डोकं चालेना.

त्याच सुमारास सासूबाईंचे डोळे गेले आणि भाजायचं काम माझ्याकडे आलं. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. तंबाखू कच्ची राहिली तर तोंड पोळतं, थोडी जास्त झाली की नुसती राख हातात येते. मला ते नेमकं जमायचं. धूर कसा बदलतो ते मी नाकानं ओळखायचे. हळूहळू आळीतल्या बायका आपापली तंबाखू माझ्याकडे आणून द्यायला लागल्या. महिन्यातून एका रविवारी परसात चूल पेटायची आणि अकरा घरांची मिश्री एकदम व्हायची. घरातले पुरुष खोकत बाहेर पळायचे. आम्ही तोंडाला पदर लावून हसत बसायचो. "मिश्री लावावी तर बाईंच्या हातची," असं बायका म्हणायच्या. शाळेत मला मान होता, पण तो नोकरीचा. परसातला मान माझ्या हाताचा होता, आणि खरं सांगते, तोच मला जास्त आवडायचा.

आमचे हे सैन्यात होते. सुभेदार होऊन घरी आले ते सिगारेटचं पाकीट खिशात घेऊनच. गेल्या वर्षी खोकला थांबेना म्हणून आम्ही मिरजेला गेलो. छातीच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि सांगितलं, सिगारेट आजपासून बंद. ह्यांचं रक्त घेईपर्यंत मी बाकावर बसले होते. शेजारच्या खोलीत दातांच्या डॉक्टर होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. येता-जाता त्यांनी माझे दात पाहिले आणि म्हणाल्या, "या आत, बघू जरा."

डाव्या गालाच्या आत, खाली, पांढरा चट्टा होता.

"मिश्री?" त्यांनी विचारलं.

"थोडीशी."

"थोडीशीनं एवढा येत नाही," त्या म्हणाल्या आणि आरसा माझ्या हातात दिला. मी पाहिलं. सायीचा तुकडा चिकटून राहावा तसा दिसत होता. बोटानं पुसायला गेले, पुसला गेला नाही. त्या म्हणाल्या, "आज बंद केलीत तर जाऊ शकतो. तीन महिन्यांनी दाखवा. गेला नाही तर तुकडा काढून तपासू. त्यात काय निघेल ते मी आज सांगू शकत नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सिगारेट ओढताना करायचे तशी काच खाली केली आणि म्हणाले, "सिगारेटची गोष्ट अलग हाय. ती सोडायची म्हंजे कलेजा लागतो. मिश्रीचं काय, दात घासायचीच की. बायकांचं कसलं आलंय व्यसन?"

 

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात सिगारेट सोडण्याचा सोहळा सुरू झाला. ह्यांचे सैन्यातले मित्र रोज संध्याकाळी हजर. कुणी बडीशेप आणली, कुणी वेलदोडे, कुणी चघळायच्या गोळ्या. मुलगा जम्मूहून रोज व्हिडिओ कॉल करून विचारायचा, "पपा, आज कितवा दिवस?" ह्यांनी आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, तर सगळे म्हणाले, त्रास होतोय, समजून घ्या. ह्यांनी गड्याला विनाकारण झापलं, तरी तेच. हे सकाळी फिरायला निघाले की वाटेत दहा जण पाठ थोपटायचे. "शाब्बास सुभेदार! डटून ऱ्हावा!" त्यातल्या निम्म्यांच्या गालात तंबाखू असायची, त्यामुळे 'शाब्बास' जरा फुगून यायचं.

आणि मी? मी त्याच दिवशी सोडली होती. माझंही डोकं दुखत होतं. चौथ्या दिवशी रिकामी डबी हुंगताना मी स्वतःलाच पकडलं आणि शरमेनं लाल झाले. पोटाचे हाल विचारू नका. आमटीत मीठ कमी पडत होतं ते का, हे कुणी विचारलं नाही. मला समजून घ्यायला घरात कुणाला सवड नव्हती. सगळे ह्यांना समजून घेत होते, त्यांचा चहा मी करत होते.

शेवटी मी माझ्या धाकट्या चुलत जावेला सांगितलं. भिंतीला भिंत लागून घर, सत्तावीस वर्षांचा शेजार, मला आक्का म्हणते. तिला चट्ट्याचं सांगितलं, सोडल्याचं सांगितलं. मला वाटलं, ही तरी पाठीवर हात ठेवील. ती घाबरली खरी, पण वेगळ्याच कारणानं. "आवं आक्का, मग आमची कोण भाजणार? रविवार आलाय की."

आणि मी भाजली. बाराव्या दिवशी, तोंडाला फडकं घट्ट बांधून, अकरा घरांची. आता लिहिताना हात थांबतो, पण खोटं लिहिणार नाही. चट्टा काय असतो ते मला माहीत होतं. मी तो आरशात पाहिला होता. तरी चूल पेटवली, कारण नाही म्हटलं असतं तर त्या रविवारी परसात कुणी आलं नसतं. ह्यांच्याभोवती सगळं गाव होतं, मला माझ्या अकरा बायका हव्या होत्या.

महिना झाला तसा चौकात फ्लेक्स लागला. आमच्याकडे बारशापासून भरतीपर्यंत कशाचाही फ्लेक्स लागतो, पण हा नवीनच होता. 'धूम्रपानावर विजय मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो मुलाच्या लग्नातला. त्यात ह्यांच्या हातात सिगारेट होती. फ्लेक्सवाल्यानं ती पुसली होती, पण बोटं तशीच ठेवली होती, त्यामुळे हे गावाकडे बघून हवेतलं काहीतरी चिमटीत धरून उभे होते. खाली शुभेच्छुकांचे पंधरा चेहरे. त्यातले दोन सोडले तर बाकीच्यांना मी तंबाखू मळताना रोज बघते.

रविवारी समाजमंदिरात सत्कार. शाल, नारळ, फेटा. तीन भाषणं झाली. प्रत्येकात मी होते. 'त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिलेली माउली.' मला पुढे बोलावून हळदीकुंकू लावलं, साडी दिली, आणि अध्यक्षांनी माइक हातात दिला. "बाई, सुभेदारांबद्दल दोन शब्द बोला."

शाळेत चौतीस वर्षं काढल्यावर माइकची भीती राहत नाही. मी म्हणाले, "ह्यांनी सिगारेट सोडली, मला आनंद आहे. सोपं नसतं ते. मला माहीत आहे, कारण त्याच दिवशी मीही मिश्री सोडली. एकोणतीस वर्षांची. माझ्या गालात चट्टा आहे आणि तो कसला आहे ते अजून ठरायचं आहे."

पुरुषांत हसू फुटलं. वाईट नव्हतं ते, लहान मुलानं काही बोलल्यावर हसतात तसं होतं. अध्यक्ष म्हणाले, "आवं बाई, मिश्री म्हंजे काय व्यसन हाय व्हय? पण चला, बाईंसाठीबी टाळ्या होऊन जाऊ द्या!"

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "थांबा. ज्यांच्या गालात आत्ता तंबाखू नाही, तेवढ्यांनीच वाजवा."

वर गेलेले हात हळूहळू मांडीवर आले. कुणी खाली बघितलं, कुणी दाराकडे. मी बायकांकडे पाहिलं. त्यांचेही हात पदराखाली होते. माझ्याच आळीतल्या बायका, माझ्याच हातची मिश्री लावून सत्काराला आलेल्या. एक स्पीकरवाला तेवढा वाजवत राहिला. ह्यांच्या दोन्ही हातांत शाल-नारळ होता, त्यामुळे ह्यांचं काय झालं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर हे फणफणले. "माझा सत्कार, आणि इज्जत काढलीस सगळ्यांची." मी म्हटलं, "काढली. पुन्हा काढीन." आणि त्या दिवशी आमटीत मीठ नेमकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ आली. मला वाटलं, भांडायला आली. तिनं दार लोटून घेतलं, मोबाइलची बॅटरी लावली, तो माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. "आक्का, बघा जरा. लय दिस झालं, जेवताना झोंबतंय. तुमी काल बोलला तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई."

तिनं तोंड उघडलं. माझा चट्टा पांढरा होता. तिचा लाल होता, कडेनं उंचावलेला, आणि मधे जखम. मला शिकवलेलं नाही, पण कळायला शिकावं लागत नाही. 

"काय हाय?" ती तशाच उघड्या तोंडानं म्हणाली.

"मिरजेला जायचंय," मी म्हणाले. "आजच."

ती म्हणाली, घरात विचारते. मी म्हणाले, विचारायचं नाही, सांगायचं. तिचा नवरा ओट्यावर बसून तंबाखूला चुना लावत होता. म्हणाला, "साखर कारखान्याची टोळी आलीया, ऊस तुटायचाय, पुढच्या आठवड्यात बघू." मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "ऊस तुटेल. ही आत्ता गाडीत बसेल." त्यानं चुन्याची डबी बंद केली. आमचे हे आधी 'कशाला उगीच' म्हणाले, पण माझं तोंड बघून किल्ली घेऊन बाहेर आले. जाताना सबंध रस्ता ह्यांनी एकदाही काच खाली केली नाही.

तुकडा काढला. आठ दिवस रिपोर्टची वाट पाहिली. त्या आठ दिवसांत मी आळीत अकरा घरी जाऊन सांगितलं, मी ह्यापुढे भाजणार नाही. दोघी रुसल्या. एक म्हणाली, बाईंना आता सत्काराची हवा लागली. लागू दे. परसातली चूल मी स्वतः फोडली, आणि रविवारी तिथं एकटी बसून चहा प्याले. तो चहा कडूच लागला, पण प्याले.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघीच आत गेलो. त्याच डॉक्टरबाई. आधी माझं तोंड पाहिलं, म्हणाल्या, "कमी होतोय. सोडलीत म्हणून. तशाच राहा." मग जावेचा कागद पुढे ओढला. जावेनं माझा हात धरला. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. कॅन्सर आहे, सुरुवातीचा आहे, ऑपरेशन लवकर करायचं, बरं होण्याची आशा चांगली आहे. जाऊ रडली नाही. पदराची गाठ सोडत राहिली आणि पुन्हा बांधत राहिली.

डॉक्टरबाई कागदावर लिहीत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "किती वर्षं लावत होता?"

"सत्तावीस."

"विकतची?"

जाऊ पटकन म्हणाली, "न्हाई. घरीच करायची मी. माझी मीच."

ती माझ्याकडे बघत नव्हती. आयुष्यात कधी तिनं मिश्री भाजली नव्हती. तिला धुरानं दम लागायचा. त्या क्षणी मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं, आणि तिलाही तेच हवं होतं. मला तिचा भयंकर राग आला. माझ्यावर कसले उपकार करतेस?

"ती खोटं बोलतेय," मी म्हणाले. "मी भाजून देत होते, डॉक्टर. सुरुवातीपासून. माझा चट्टा तुम्ही दाखवल्यानंतरही एकदा दिली."

"आक्का, ऱ्हाऊ द्या," जाऊ म्हणाली.

"का राहू द्यायचं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावतील असं मला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ड्रॉवर उघडला, एक कोरा कागद काढला आणि विचारलं, "आणखी कुणाकुणाला देत होता?"

मी पिशवीतून चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि आळीच्या पहिल्या घरापासून नावं सांगायला सुरुवात केली.