आईचा उजवा हात

मंडळी, आज दुपारी मी माझ्या सख्ख्या आत्याला दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं. नातेवाइकांचे फोन सुरू व्हायच्या आत मीच सांगते काय झालं ते.

आईला अर्धांगवायू होऊन आठ दिवस झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण ऐकू सगळं येतं. आत्या पिशोरहून भेटायला आली. शहागंजातून आणलेली केळी ठेवली आणि आईच्या उशाशी बसूनच सुरू झाली, "पोराच्या लग्नाचा गोंधळ घातला नाय तुम्ही. देवी कोपणार नाय तर काय! भोगा आता."

आईचे डोळे भरले. माझ्या तोंडाला येईल ते मी आत्याला बोलत सुटले. तेवढ्यात बघते तर आई डाव्या हातानं लुळा उजवा हात उचलायला बघतेय. दोनदा निसटला. शेजारच्या पेशंटजवळ एक मुस्लिम मावशी बसलेल्या, वॉर्डात सगळे त्यांना खाला म्हणतात, त्या उठल्या. "ठैरो अम्मा, मैं पकडती," म्हणत त्यांनी तो हात खालून धरला.

आईनं हात जोडले, डोळे मिटले. खालाही हळूच काहीतरी पुटपुटत होत्या.

आत्या म्हणाली, "आता सुचला व्हय देव!"

तिथं माझं डोकं सटकलं.

व्हय, आता सुचला. जिवावर बेतल्यावर माणूस देवाकडं नाय जाणार तर कुठं जाणार? त्याला दारातच हिशोब विचारणारे तुम्ही कोण?

आत्या, तू हे वाचशीलच. तुझे तर दोन्ही हात धड आहेत. आठ दिवसांत आईसाठी एकदा तरी जोडलेस का?