कुसामावशीचे मोर

हे लिहिणारच नव्हते, कारण चूक माझीच आहे.

कुसामावशी येवल्यात पैठणी विणते. काका गेले, मागे त्यांनी पदरासाठी हाताने काढलेल्या मोरांचे कागद राहिले, तेही वाळवी खात होती. मी तिच्याच मोबाइलने फोटो काढून क्लाउडवर टाकले. तिच्या मोबाइलवर आणि मागाजवळच्या टॅबवर, दोन्हीकडे ते दिसायला लागले. मग मावशीने कागद गोदावरीत सोडले.

साडी उतरली की तिचा कागद मागावरून काढायचा, ही मावशीची जुनी सवय. तसाच ती टॅबवरून एकेक मोर डिलीट करत गेली. एकीकडे पुसलं की सगळीकडे पुसतं, हे मी सांगितलंच नव्हतं!

मग तिचा फोन आला. "वेदू, मोबाइलमधले मोर दिसत नाय गं. येऊन बघ ना."

"परीक्षा झाली की येते, मावशी!"

नाशिकहून दोन तासांची एसटी, आणि मी गेले दीड महिन्याने. डिलीट केलेलं क्लाउडच्या कचरापेटीत तीस दिवसच राहतं. तिथे काहीच नव्हतं. मी रडायलाच लागले.

"आधी च्या घे," मावशी म्हणाली. मग हळूच विचारलं, "काकांच्या मोराची मान कुठं वळली होती गं?"

मला आठवेना. तिलाही नाही.

तुम्हाला कोणी "येऊन बघ ना" म्हणालं असेल, तर प्लीज आजच जा.