बाजूच्या दाराशी लावलेली गाडी

ये गं, अशी जवळ बस. आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस, ती तुझी खोडच आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिलंय, तेव्हा "आई, नंतर" म्हणायचं नाही.

तू रेडमंडची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून गायला लागलीस, तेव्हा बाबा दीड वर्ष तुझ्याशी धड बोलले नाहीत. मग तुला ते लंडनचं म्युझिकल मिळालं. तिकडे म्हणे पाच आठवड्यांत गुंडाळलेलं, आणि इकडे अमेरिकेत, आपल्या बेलव्ह्यूच्या छोट्याशा थिएटरात महिनोन् महिने हाउसफुल्ल. हे ऐकून बाबा एकदम खुलले. "म्हणजे आपल्यासारखंच की! आपणही आधी इंग्लंडात नापासच झालो होतो." दोन वर्षं तिकडे त्यांना कुणी धड नोकरी दिली नव्हती ना. स्वतःहून म्हणाले, "तिकिटं काढ. पुढच्या रांगेची."

तुझं ते दुसऱ्या अंकातलं गाणं. नवरा समुद्रात बुडालाय आणि ती त्याचा स्वेटर घडी करतेय. तू शेवटचा सूर सोडलास, सगळं थिएटर गप्प. आणि बाबा उठून उभे. "वन्स मोअर!" सांगलीला संगीत नाटकं बघत वाढलेला माणूस तो, गाणाऱ्याला याहून मोठं काही देता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लोक खदखदून हसले. तू स्वेटर तसाच हातात धरून उभी राहिलीस.

पार्किंगमध्ये म्हणालीस, "यू रुइन्ड इट, बाबा. तिथे सायलेन्स हवा होता. प्लीज, परत येऊ नका."

बाबा "बरं" म्हणाले. वायपर सुरू केला आणि गाडी काढली.

तुला एवढंच माहीत आहे. पुढचं ऐक. पुढच्या शनिवारी तुझ्या शोला मी एकटीच निघाले, तर हे किल्ली घेऊन दारात. "पावसात तू कशाला ड्राइव्ह करतेस? मी सोडतो." सोडलं, आणि थांबलेच. थिएटरच्या बाजूच्या दाराशी गाडी लावायची, काच खाली करायची. तिथून गाणं अर्धंमुर्धं ऐकू यायचं. मी बाहेर यायचे तोवर त्यांची डावी बाही चिंब.

"अहो, आत चला. अगदी मागे बसू."

"नको. माझ्या तोंडाचा भरवसा नाही." मग विचारायचे, "गाणं संपल्यावर कुणी खोकलं का?"

"नाही."

"मग छान झालं."

असे अकरा शनिवार. "तिला सांगू नकोस हं, उगाच टेन्शन घेईल." आणि मी मेली शहाणी, नाही सांगितलं! एका फोनचं काम होतं. तू हाताला धरून आत नेलं असतंस त्यांना, मला काय माहीत नाही? मग तुमचा शो टूरवर गेला, आणि फेब्रुवारीत बाबा गेले.

चार दिवस आलीस. एअरपोर्टवर माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "ही नेव्हर केम बॅक टू माय शो, आई. मी सॉरी म्हणणार होते." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पण लाइन पुढे सरकत होती, आणि मनात आलं, आता सांगून पोरीला विमानात एकटीला रडवायचं? राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून तू यायचं टाळतेस. बिझी आहे म्हणतेस. मला कळतं गं. तुला वाटतं, बाबा रागावूनच गेले, आता त्या घरात कुठल्या तोंडाने जायचं. रागावलेला माणूस असा भिजत बसतो का, सांग बरं?

तुमचे त्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातले शो संपले की मध्ये एक आठवडा मोकळा आहे, तूच म्हणाली होतीस. तेव्हा ये. रडायचं असेल तर इथे रड, मीही बसते शेजारी. अजून खूप सांगायचंय, पण लिहून लिहून बोटं दुखली माझी. लवकर ये, बाळा.