सौभाग्यवती समुद्रात बसल्या

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या सौभाग्यवती अंदमानच्या समुद्रात खाली बसल्या... आणि जिंकल्या. आर्णीला परतल्यापासून ज्याला-त्याला सांगून माझा घसा बसलाय, म्हणून इथे एकदाच लिहितो.

आम्ही उतरलो होतो पोर्ट ब्लेअरला. गावाचं नाव आता श्रीविजयपुरम आहे. समास म्हणून मला ते मान्य आहे, रिक्षावाल्यांना अजून नाही. बेटांवर जाणारा प्रत्येक जण आधी इथे उतरतो, जेटीची चौकशी करतो आणि नारळपाणी पितो... आम्हीही तेच केलं.

पहिल्या संध्याकाळी चिडिया टापूला गेलो. आमच्याकडच्या टिपेश्वरच्या जंगलात आम्ही आजवर वाघ सोडून सगळं पाहिलंय, त्यामुळे अपेक्षा बेताच्याच होत्या. पण इथे पोपटांचे थवेच्या थवे डोक्यावरून गेले, आणि मगरींपासून सावध राहा अशी पाटी वाचून मी चटकन मागे सरलो. सौभाग्यवती, म्हणजे सुनंदा, मात्र त्या पाटीला टेकून समुद्राकडेच बघत होती.

तिचं आर्णीत मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीसच्या रंगांत तिचं आयुष्य गेलं. एका गिऱ्हाईक बाईने मोबाइलवर समुद्राखालच्या माशांचा व्हिडिओ दाखवला, आणि तेव्हापासून हिने एकच धरलं... "मले ते रंग सोताच्या डोयानं पाहाचे हायेत." पोहता येत नाही, डोकं कधी पाण्याखाली घातलेलं नाही, हे मुद्दे मी मांडले. ते नामंजूर झाले.

मला स्वतःला ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी डायव्हिंगची मनाई केलेली. म्हणजे माझ्याकडे उरलं मार्गदर्शन... आणि संस्कृतच्या मास्तरला त्याहून प्रिय काय असणार? निघण्याआधी कित्येक दिवस रोज सकाळी गच्चीवर तिच्याकडून प्राणायाम करून घेतला. पूरक, कुंभक, रेचक. त्यातही कुंभकावर, म्हणजे श्वास रोखून धरण्यावर, विशेष भर. पाण्यात जायचं तर श्वास रोखता यायला हवा... इतकं साधं तर्कशास्त्र.

मंगळवारी बोटीने नॉर्थ बेला गेलो. बिकाश नावाचा, अर्धी दाढी पिकलेला बंगाली इन्स्ट्रक्टर होता. त्याने हिंदीत पहिला नियम सांगितला... पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. सुनंदाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी क्षितिजाकडे.

दुसरा नियम जास्त कडक. आधी किनाऱ्यालगत छातीभर पाण्यात सराव. तिथे डोकं बुडवून, तोंडातल्या रेग्युलेटरमधून शांतपणे श्वास घेता आला तरच पुढे, नाहीतर नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान.

मी गुडघाभर पाण्यात उभा. हातात तिच्या चपला, खिशात तिचं मंगळसूत्र. तिने डोकं बुडवलं की गच्चीवरची सगळी साधना जागी व्हायची. श्वास घट्ट रोखलेला... मग जीव घाबरून वर. पुन्हा तेच. पुन्हा तेच. बिकाश परोपरीने सांगत होता, "दीदी, सांस मत रोको." मीही मागून कुंभक सोड, कुंभक सोड, असं ओरडलो. तेव्हा तिने ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन इथे करत नाही.

शेवटी मास्कच्या काचेआड तिचे डोळे भरून आले. बिकाशलाही वाईट वाटलं. राहू दे, होतं असं कधी कधी, अशा सुरात तिच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "बस, दीदी. बस."

आणि ती बसली.

म्हणजे खरंच बसली हो... तळाच्या वाळूवर, मांडी घालून. छातीभर पाणी डोक्यावरून गेलं. त्याने हिंदीत 'पुरे' म्हटलं, आमच्या आर्णीच्या कानांना 'खाली बैस' ऐकू आलं. घाबरलेल्या माणसाला हुकूम तेवढा कळतो. आणि बसायच्या गडबडीत ती श्वास रोखायचं साफ विसरली.

बिकाश दचकून खाली गेला. मी चपला टाकून धावलो. पण पाण्यावर बुडबुडे येत होते... एक घोस, मग जरा थांबून दुसरा घोस, अगदी पाढे म्हणावेत तशा लयीत. थोड्या वेळाने बिकाशचं डोकं वर आलं. "सर, दीदी तो मज़े में बैठी है."

ती वर आल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. तिला आमचं आश्चर्यच समजेना. "तो बस म्हने, मी बसली. काहून, उभं राहाचं होतं काय?"

मग ती गेली. खऱ्या खोल समुद्रात, बिकाशचा हात धरून. मला बोटीतून फक्त बुडबुड्यांची रांग दिसत होती, आणि ती जाईल तिकडे मी मान वळवत होतो...

परत आली ती राजसूय यज्ञ आटोपून आलेल्या सम्राटाच्या थाटात. कपाळावर मास्कचा वळ, केसांचं घरटं झालेलं. बोटीतल्या अनोळखी लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. एक मासा म्हणे मोरपिशी, त्याला गुलाबी काठ. दुसरा हळदीसारखा पिवळा, वर जांभळे पट्टे. असं कॉम्बिनेशन दुकानात कुणी मागितलं असतं, तर तिने त्या बाईला समजावून घरी पाठवलं असतं.

बिकाशभाऊ, हे मराठी तुमच्यापर्यंत पोचेल असं वाटत नाही... तरी मनापासून आभार. तुम्ही 'पुरे' म्हणालात, आणि तिथूनच तिचं सुरू झालं.

बोट परत निघाली तेव्हा मी विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? रंग म्हणेल, अशी माझी खात्री होती. तिने जरा विचार केला.

"खाली कोनीच बोलत नाही न... लय बरं वाटलं."

'मौन' हा शब्द 'मुनी'पासून आला, हे मी दरवर्षी वर्गात फोड करून सांगतो. त्या दिवशी जेटी येईपर्यंत पाळूनही दाखवलं.